जमीन पूर्ववत करून मिळावी

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकसाहेबांनी गावाबाहेर घरासकट पाऊण एकर जागा घेतली आणि तिच्यासाठी एक छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि एक जाड वही जास्त दिसू लागली. वहीत तीन उभे रकाने होते: लाल, निळा, पिवळा. आडव्या ओळी एकेचाळीस होत्या. त्यांत हॉर्सपॉवर होती, टायरची जाडी होती, आणि हॉर्न किती पावलांवर ऐकू येतो हेही होतं. तीस वर्षं साहेबांनी एकाही दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. आता उतारवयात ट्रॅक्टरवाल्यांच्या शब्दावर ठेवून ते आयुष्यभराच्या नोकरीवर पाणी फिरवणार नव्हते.

बाईंचं मागणं साधं होतं. त्यांच्या रोपांना जमीन हवी होती. टोमॅटो, मिरची, कोबी मिळून साडेतीनशे रोपं त्यांनी बियांपासून वाढवली होती आणि ती आता ट्रेमध्ये मावेनाशी झाली होती. सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये गेला, दर तीन वर्षांनी बदली. बाईंनी जिथं जिथं काही लावलं, तिथलं फळ पुढच्या निरीक्षकाच्या घरच्यांनी खाल्लं. या खेपेला आपण लावलेलं आपणच तोडायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. दोन आठवड्यांत रोपं जमिनीत गेली नाहीत तर ती माना टाकणार होती.

"अहो, कुठलाही घ्या, पण घ्या," त्या म्हणाल्या.

"कुठलाही घ्यायचा असता तर वही कशाला केली असती?"

लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या बाई उठून रोपांना पाणी घालायला गेल्या.

पहिला आला लाल. त्याचा विक्रेता भल्या सकाळी ट्रॅक्टर घेऊन हजर झाला. साहेबांनी आधी कमरेच्या उंचीवरून एक लोखंडी सळई जमिनीत सोडली. ती चार सेंटीमीटर रुतली, तशी नोंद झाली. मग विक्रेत्यानं विहिरीजवळचा तुकडा एकवीस मिनिटांत नांगरून दिला. माती अशी मोकळी झाली होती की बघत राहावं. तो उतरून घाम पुसतोय तोच बाई रोपांचा ट्रे घेऊन बांधावर आल्या.

"थांब. पाय ठेवू नकोस," साहेब म्हणाले.

"का?"

"परवा निळा यायचाय. त्याची चाचणीही इथंच."

"नांगरलेलं परत नांगरणार?"

"तसं कसं चालेल? नांगरलेल्या जमिनीत कुणीही नांगर घालेल. निळ्याला लालइतकीच टणक जमीन मिळायला हवी. आधी ही पूर्ववत करावी लागेल."

बाईंनी ट्रे खाली ठेवला. "मग जागेचे तीन तुकडे करा आणि द्या तिघांना वाटून."

"बघितलंय मी. एक तुकडा खडकाळ, एक झाडाखाली दमट. न्याय कसा होणार?"

लालच्या विक्रेत्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि घाईघाईनं निरोप घेतला.

जमीन नांगरायची कशी हे सांगणारे शंभर भेटतात. न नांगरायची कशी हे सांगणारा साहेबांना भेटला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं एक मेंढपाळ चालला होता. साहेबांनी त्याला थांबवलं.

"मेंढरं जरा आमच्या जमिनीवर आणता का?"

"चारायला?"

"चारायला नाही. चालवायला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत."

"किती वेळा?"

"सळई चार सेंटीमीटर जाईपर्यंत."

मेंढपाळानं आयुष्यात बरीच माणसं पाहिली होती. त्यानं वाद न घालता ऐंशी मेंढरं आत घातली. दुपारपर्यंत ती त्या तुकड्यावर येरझारा घालत होती आणि साहेब मधूनमधून सळई सोडत होते. पंधराव्या फेरीला एका मेंढीचा कंटाळा अनावर झाला. ती ओळ सोडून ओसरीवर चढली आणि तिनं मिरचीचा अर्धा ट्रे संपवला.

"अहो, माझ्या मिरच्या," बाई धावल्या.

"सहा सेंटीमीटर," साहेब तिकडून ओरडले. "अजून दोन कमी व्हायला हवेत."

मेंढरं गेली, पण लेंड्या ठेवून गेली. लालच्या वेळी जमिनीवर लेंड्या नव्हत्या. तेव्हा संध्याकाळपर्यंत निवृत्त निरीक्षक खाली वाकून त्या टोपलीत वेचत होते. उरलेले दोन सेंटीमीटर मिळवण्यासाठी त्यांनी जमिनीवर पाणी मारलं, उन्हात वाळवलं आणि पाण्यानं भरलेलं लोखंडी पिंप आडवं करून तिच्यावरून ढकललं. ढकलायला अर्थातच बाई होत्या. तिसऱ्या दिवशी सळई बरोबर चार सेंटीमीटर गेली. साहेबांच्या तोंडावर असा आनंद बाईंनी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

निळा ट्रॅक्टर घेऊन एक तरुण विक्रेती आली. ती गप्पिष्ट होती. साहेब टायरभोवती टेप गुंडाळत होते तेवढ्या वेळात तिनं बाईंबरोबर दोन कप चहा घेतला आणि रोपांची चौकशीही केली. चाचणीला वीस मिनिटं लागली. म्हणजे निळा एका मिनिटानं पुढे. ही बातमी लालच्या विक्रेत्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण संध्याकाळी त्याचा फोन आला.

"साहेब, हा अन्याय आहे. पाणी मारून वाळवलेली जमीन पटकन फुटते. मला तशी जमीन द्या, मग बघा."

दुसरा कुणी असता तर त्यानं फोन ठेवून दिला असता. पण तक्रार आली की सुनावणी घ्यायची, हा साहेबांचा नोकरीतला शिरस्ता होता. आणि खोलवर विचार केला तर माणसाचं म्हणणं बरोबरच होतं.

"पुन्हा पूर्ववत," साहेब बाईंना म्हणाले.

पुन्हा मेंढरं, पुन्हा लेंड्या, पुन्हा पिंप. लालची फेरचाचणी झाली. तिलाही वीसच मिनिटं लागली, म्हणजे इतक्या खटाटोपातून निघालं ते शून्य. आता पिवळा राहिला होता, तेव्हा जमीन तिसऱ्यांदा पूर्ववत झाली. एव्हाना मेंढपाळ न विचारता आपणहून फाटकात वळू लागला होता.

या सगळ्यात दोन आठवडे सरले. रोपं ट्रेमधून डब्यांत गेली, डब्यांतून बादल्यांत. चहाचे कपही रोपांनी अडवले म्हणून साहेबांना चहा पातेल्यातून प्यावा लागला. बेसिनच्या काठावर टोमॅटो असल्यामुळे ते दाढी करताना फांद्या बाजूला सारत. एका सकाळी बाईंना कोबीची बारा रोपं आडवी पडलेली दिसली. त्यांनी ती उचलून बाहेर टाकली आणि काही बोलल्या नाहीत. साहेबांनी बाईंचं बोलणं अडतीस वर्षं ऐकलं होतं. हे न बोलणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं, पण वहीत त्याला रकाना नसल्यामुळे ते तसेच बाहेर पडले.

त्या दिवशी ते पिवळ्याच्या दुकानी जाणार होते. माहितीपत्रकातलं वजन त्यांना खोटं वाटत होतं. आधी रिकामा टेम्पो वजनकाट्यावर चढवायचा, मग ट्रॅक्टरसकट चढवायचा आणि वजाबाकी करायची, असा बेत होता. वजन अकरा किलोनं कमी भरलं. पिवळ्याचा विक्रेता ओशाळला आणि साहेब जग जिंकल्यासारखे टेम्पोत त्याच्या शेजारी बसून दुपारी चाचणीसाठी घरी निघाले.

फाटकातून आत येताच टेम्पो थांबला.

विहिरीजवळचा तुकडा नांगरलेला होता. नुसता नांगरलेला नाही, त्यावर वाफे होते, वाफ्यांत रोपं होती आणि रोपांना पाणीही देऊन झालं होतं. दोन वाफ्यांच्या मधे वीतभर रुंद वाट सोडलेली होती. बाई ओसरीच्या पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

"साहेब, चाचणी कुठं घ्यायची?" पिवळ्याच्या विक्रेत्यानं हळूच विचारलं.

माणसाला काही सुचत नाही तेव्हा तो सवयीचं काम करतो. साहेबांनी टेप काढला आणि एका वाटेपासून दुसऱ्या वाटेपर्यंतचं अंतर मोजलं. तीन फूट पाच इंच. पुढचं मोजलं. तीन फूट पाच इंच. सगळ्या वाफ्यांत एका रेषेचाही फरक नव्हता.

"तीन फूट पाचच का?" त्यांनी विचारलं.

"निळ्याच्या दोन चाकांत तेवढं अंतर आहे. सुतळीनं मोजलं," बाई म्हणाल्या. "त्याची चाकं बरोबर त्या वाटांतून जातात."

साहेब टेम्पोकडे गेले आणि पिवळ्याची चाकं मोजून आले. तीन फूट नऊ. लालचा आकडा वहीत होताच, चार फूट. दोघांपैकी कुणीही आत शिरला असता तर टोमॅटो चिरडले असते. एकेचाळीस ओळींची स्पर्धा बाईंनी एका सकाळीत सुतळीनं निकालात काढली होती.

"ठीक आहे," साहेब कसेबसे म्हणाले. "पण निळाच कशावरून? लाल आणि निळा अगदी बरोबरीत होते."

"निळ्याची सीट पुढे सरकते."

"सीटचा काय संबंध?"

"लालवर बसले तर माझे पाय ब्रेकपर्यंत पोचत नाहीत."

"तू कशाला बसशील लालवर?"

"मग कोण बसणार? तुम्हाला सायकलशिवाय काही येतं का?"

साहेबांनी वही उघडली. सगळी पानं उलटून पाहिली. ट्रॅक्टर चालवणार कोण, ही ओळ एकेचाळिसांत कुठंच नव्हती.

"आजचं नांगरलं कुणी?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांना कळून चुकलं होतं.

"मीच. ती निळ्याची पोरगी बाजूला उभी राहून सांगत होती. तिला मी फोन केला सकाळी, तुम्ही बाहेर पडलात तेव्हाच."

साहेबांनी 'चालवणार कोण' अशी बेचाळिसावी ओळ आखली, वही पायरीवर ठेवली आणि चिखलात गुडघे टेकून बाईंसमोर बसले.

"पाय सरळ ठेव," टेपचं टोक त्यांच्या टाचेला लावत ते म्हणाले. "आणि जरा ताठ बस. नोंद चुकायला नको."