उसने ठोके

छातीवर चिकटवलेलं यंत्र टॉवेलाबरोबर निघून आलं आणि मास्तर न्हाणीघरात जागच्या जागी थिजले.

यंत्र काड्यापेटीएवढं. त्याचा हिरवा दिवा विझून लाल लुकलुकायला लागला होता. लाल दिवा फार वेळ राहिला की हॉस्पिटलातून फोन येणार, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी यंत्र छातीवर दाबलं, ते घसरलं. छाती कोरडी करून नवी पट्टी लावली आणि पुन्हा दाबलं. तेवढ्यात भीतीनं घाम फुटला आणि यंत्र परत हातात आलं.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून जीव मुठीत धरायचा, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. समोरून ट्रक येतोय आणि चालवणारा आरशात स्वतःचे केस बघतोय, हे रोज पाहणाऱ्याचं हृदय बिथरलं तर त्यात नवल नाही. मास्तरांचं बिथरलं. मधेच धावायचं, मधेच अडखळायचं. ते ताळ्यावर आणायच्या दोन पद्धती डॉक्टरांनी सांगितल्या. एकीत मांडीच्या शिरेतून तार हृदयापर्यंत न्यायची, दुसरीत छातीला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून काम करायचं. दोन्हींत सरस कोणती याचा हॉस्पिटलात अभ्यास चालू होता, आणि कुणाच्या वाट्याला काय हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवत होता. मास्तर त्यात शिरले ते विज्ञानाच्या प्रेमानं नव्हे. अभ्यासातल्या पेशंटवर डॉक्टर दुप्पट लक्ष ठेवतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

मास्तरांच्या नशिबी छिद्रं आली. ऑपरेशन चांगलं झालं, जखमा भरल्या, भीती मात्र तशीच राहिली. मग अभ्यासाचं काम बघणाऱ्या ताईंनी हे यंत्र छातीवर चिकटवलं आणि सोबत एक फोन दिला.

"हे रात्रंदिवस तुमचे ठोके आमच्याकडे पाठवत राहील," ताई म्हणाल्या. "काढायचं नाही. निघालंच तर लगेच आम्हाला कळवायचं."

"आणि ठोके चुकलेले दिसले तर?"

"तर डॉक्टर बघतील ना. कुणाकुणाला दुसऱ्यांदा करावं लागतं."

ताई पुढेही बरंच बोलल्या. मास्तरांना 'दुसऱ्यांदा'च्या पुढचं काही ऐकू आलं नाही. तेव्हापासून ते छातीवर पोलीस बसवल्यासारखे वावरत होते. जिना चढत नव्हते, मोठ्यानं हसत नव्हते, बातम्या ऐकत नव्हते. न जाणो, एखादा ठोका चुकला आणि पोलिसानं पाहिला तर.

"आत झोपलात की काय?" बाहेरून बाईंचा आवाज आला.

बाई म्हणजे मास्तरांची बायको. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसत, म्हणून सगळेच त्यांना बाई म्हणत. नळ कोरडे पडले की लोक खिडकीत तोंड घालून वाटेल ते बोलत. बाई शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "पत्ता?" चेहऱ्यावरची माशी हलत नसे. मास्तरांना ऑपरेशनसाठी आत नेत होते, तेव्हा ते बायकोकडे शेवटचं बघतोय अशा नजरेनं बघत होते. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "चष्मा माझ्याकडे द्या."

मास्तर टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि त्यांनी हात पुढे केला. तळहातावर लाल दिवा लुकलुकत होता.

"फोन करा हॉस्पिटलला," बाई म्हणाल्या.

"फोन केला की बोलावतील. बोलावलं की तपासतील. तपासलं की काहीतरी सापडेल."

"मग लावा परत."

"चिकटत नाहीये. घाम थांबत नाही. आणि लावलं तरी आत्ता माझी जी धडधड चाललीय, ती जशीच्या तशी तिकडे जाईल. मग दुसऱ्यांदा ठरलेलंच." मास्तरांनी हात आणखी पुढे केला. "अगं, त्याला फक्त छाती पाहिजे. कुणाची ते त्याला काय कळतंय?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मास्तरांचे ओठ पांढरे पडले होते.

"आणा इकडे," बाई म्हणाल्या. "तुमचा घाम सुकेपर्यंत. आणि सोमवारी कचेरीत जाण्याआधी मी स्वतः ताईंना खरं काय ते सांगणार. खोटेपणा मला जमायचा नाही."

त्या आतल्या खोलीत जाऊन आल्या. दिवा हिरवा झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि कणीक मळायला घेतली. या घरात यंत्रासाठी याहून शांत जागा मिळाली नसती. मास्तरांच्या जिवात जीव आला.

घाम तासाभरात सुकला, पण मास्तरांनी तसं सांगितलं नाही. बाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा त्यांनी बनियन चाचपून "अजून दमट आहे" असं सांगितलं. पोलीस उतरल्यावर छाती कशी हलकी हलकी वाटत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांना गाढ झोप लागली. इतकी गाढ की घोरणंसुद्धा बंद पडलं. रविवारी सकाळी त्यांनी न्हाणीघराला कडी लावून निवांत आंघोळ केली, स्टुलावर चढून पंखा पुसला, आणि दुपारी कपड्यांची बादली उचलून थेट गच्चीकडे निघाले.

"जपून," बाई म्हणाल्या. आवाज तोच, खिडकीतला.

मास्तर कपडे वाळत घालून खाली आले, तर हॉस्पिटलचा फोन वाजत होता.

"मास्तर, आत्ता काय करताय?" ताईंचा आवाज जरा ताणलेला होता.

"कपडे वाळत घालून आलो."

"छातीत धडधड?"

"छे."

"चक्कर? धाप?"

"नाव नको. ठणठणीत आहे मी."

"मास्तर, काल संध्याकाळपासून मधेमधे तुमच्या ठोक्यांचा वेग खूप वाढतोय. पहाटेही वाढला, सकाळीही. आत्ताचा आकडा तर मला मुळीच आवडला नाही. डॉक्टर म्हणतात लगेच या."

मास्तरांनी वळून स्वयंपाकघरात पाहिलं. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून कांदा चिरत होत्या, आणि त्या आकड्याचं हृदय त्यांच्या छातीत होतं.

 घाबरण्याचा मास्तरांना दांडगा अनुभव होता, पण आजवरची सगळी भीती स्वतःसाठी होती. ही वेगळीच निघाली.  इतकी वर्षं खिडकीत बसून बाईंनी लोकांचं बोलणं गिळलं, ते सगळं आत साठलं असणार. आणि आपण एकदा तरी विचारलं का, की बाई, तुझं कसं चाललंय? स्वतःच्या हृदयाची काळजी करता करता घरात आणखी एक हृदय आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते स्वयंपाकघरात गेले. बाईंच्या हातातली सुरी त्यांनी अलगद काढून घेतली आणि खुर्ची आणून मागे ठेवली.

"बस."

"का?"

"काही नाही. उगीच. बस जरा."

उभ्या संसारात मास्तरांनी बाईंना खुर्ची आणून दिली नव्हती. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग मास्तरांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे.

"फोन कुणाचा होता? काय होतंय तुम्हाला?"

"मला काही होत नाहीये."

खरं तर इथेच सगळं बिघडलं. साधी शिंक आली तरी निरवानिरवीची भाषा करणारा हा माणूस. तो 'मला काही होत नाहीये' म्हणतोय म्हणजे काहीतरी भयंकर होतंय, हे बाईंनी ताडलं. चेहरा तसाच राहिला, पण फोन लगेच पुन्हा वाजला.

"मास्तर, वाढतोय," ताई म्हणाल्या. "उभे आहात का? आडवे व्हा बघू."

"होतो, होतो," मास्तर म्हणाले आणि बाईंकडे वळले. "अगं, आडवी हो."

"मी?"

"हो. इथेच. फरशीवरच हो."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

आकडा आणखी वर गेला असणार, कारण ताईंनी आता घरातच थांबायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स निघाली होती. बाईंना खरं सांगावं तर त्या घाबरून दगावतील, आणि ताईंना सांगावं तर बाईंसमोर सांगावं लागेल. मास्तर फोनमध्ये नुसतं 'हो, हो' म्हणत राहिले. मास्तरांनीच स्वतःसाठी गाडी मागवली असं धरून बाईंनी त्यांच्या चपला काढून दारात ठेवल्या आणि त्यांचा चष्मा पुसून आपल्या पर्समध्ये टाकला.

स्ट्रेचर घेऊन दोघं वर आले. एक उंच होता, एक जाडा.

"पेशंट कोण?" जाड्यानं विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले. "पण झोपवायचं यांना."

"यांना काय झालंय?"

"काही नाही झालेलं. म्हणूनच सांभाळून न्यायचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. असे पेशंट त्यांनी पाहिले असावेत. पुढच्या क्षणी मास्तर स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधले गेले होते आणि बाई मागून पर्स घेऊन जिना उतरत होत्या. "तिला चालवू नका हो," मास्तर आडव्यानं ओरडत होते. "अहो, मला सोडा, तिला धरा." मजल्यामजल्यावर दारं उघडत होती. "बायकोवर केवढा जीव," कुणीतरी म्हणालं. ॲम्ब्युलन्समध्ये मास्तर वळणावळणाला उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होते आणि बाईंच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हते.

हॉस्पिटलात त्यांना पलंगावर घेऊन छातीला वायरी लावल्या. डॉक्टर आले. बुटके, मितभाषी गृहस्थ. त्यांनी पलंगाशेजारच्या पडद्यावर पाहिलं. मास्तरांच्या हृदयाचे ठोके जरा जलद, पण शाळेतल्या कवायतीसारखे शिस्तीत पडत होते. मग त्यांनी ताईंच्या हातातल्या पडद्यावर पाहिलं. तिथले ठोके सुसाट पळत होते.

"ताई, हे दोन्ही यांचेच?"

"हो, सर."

"यंत्र कुठाय?" डॉक्टरांनी मास्तरांची छाती न्याहाळली. "मास्तर, तुमच्या छातीवरचं यंत्र कुठाय?"

आता खरं सांगायचं म्हणजे अभ्यासातून हकालपट्टी, डॉक्टरांचा राग आणि चारचौघांत शोभा. पण बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि त्या सुसाट ठोक्यांपुढे मास्तरांना बाकी काही दिसत नव्हतं.

"डॉक्टर, माझं राहू द्या," ते रडवेले होऊन म्हणाले. "यंत्र तिच्या छातीवर आहे. कालपासून. मी भ्यालो म्हणून तिला लावायला लावलं. माझं काय करायचं ते करा, दुसऱ्यांदा करा, तिसऱ्यांदा करा, पण आधी तिला बघा."

 बाईंनी पदराआडून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "उद्या सांगणारच होते," त्या म्हणाल्या.

डॉक्टर चिडले ते बाईंना तपासून झाल्यावर. आधी त्यांनी बाईंना शेजारच्या पलंगावर झोपवलं, वायरी लावल्या, आणि मास्तर देवाला नवस बोलायच्या बेतात असताना मान हलवली.

"यांचं हृदय उत्तम आहे. एक ठोका इकडचा तिकडे नाही. फक्त पळतंय." मग ते मास्तरांकडे वळले. "तुम्ही काय केलंत कळतंय का? या अभ्यासावरून पुढे कितीतरी लोकांचं ऑपरेशन कसं करायचं ते ठरणार. तुमचं झालंय चांगलं, आणि आम्ही नापास धरणार होतो. बायकोच्या ठोक्यांवरून."

"पण ते पळतंय कशानं?" मास्तरांनी विचारलं.

ताईंनी पडदा पुढे केला. "पहिल्यांदा काल संध्याकाळी. यंत्र लावल्या लावल्या. मग पहाटे. मग सकाळी, आंघोळीच्या सुमारास का काय. मग थोड्या वेळानं परत. मग दुपारी, तुम्ही कपडे वाळत घालत होतात तेव्हा. आणि मी फोन केल्यापासून तर थांबलंच नाही."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या. चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती.

"बाई," मास्तर हळूच म्हणाले, "पहाटे काय झालं होतं?"

बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुमचं घोरणं थांबलं होतं."

"आणि आंघोळीला?"

"कडी लावलीत. आत पडला असतात तर मी दार कसं तोडणार होते?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "ऑपरेशन झाल्यापासून असंच आहे. सांगून काय करणार? घरात एकानं घाबरायचं असतं. तो मान तुम्ही आधीच घेतला होतात."

मास्तरांनी तिकडे हात लांबवला. दोन्ही पलंगांवर वायरी होत्या, म्हणून हात धरता आला नाही. डॉक्टरांना बाहेर काहीतरी काम आठवलं. तेवढ्या वेळाची नोंद बाद करून जे घडलं ते तसंच लिहायचं आणि मास्तरांनी यंत्र पहिल्यापासून पुन्हा घालायचं, असं त्यांनी जाता जाता ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा घेतली. आता मास्तरांच्या छातीवर पुन्हा यंत्र होतं, पण त्याची भीती कुठच्या कुठे गेली होती. त्यांचं सगळं लक्ष शेजारी होतं. आंघोळीला त्यांनी कडी लावली नाही आणि आत असेपर्यंत मोठमोठ्यानं पाढे म्हणत राहिले. दुपारी दोघं आडवे झाले, तेव्हा बाई पाठ फिरवून निजल्या होत्या. त्या जाग्या आहेत हे मास्तरांना आता त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

मास्तरांना झोप येत नव्हती. त्यांनी डोळे मिटले, तोंड थोडं उघडलं आणि काळजीपूर्वक घोरायला सुरुवात केली. घसा कोरडा पडला, जबडा दुखायला लागला, तरी त्यांनी खंड पडू दिला नाही. हळूहळू बाईंचे आखडलेले खांदे सैल झाले.

"एवढ्या मोठ्यानं तुम्ही कधीच घोरत नाही," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पण चालू द्या."

आणि त्यांना झोप लागली.