मोहरी म्हणजे रशियन

आमच्या शेजारचे चेनकाका रोज सकाळी दहाला येतात आणि माझा मिसळणाचा डबा मागतात. स्वयंपाकासाठी नव्हे. चीनमध्ये ते ज्या युनिव्हर्सिटीत शिकवायचे, तिथल्या परदेशी भाषांच्या विभागाचा इतिहास ते लिहीत आहेत. तो मला ते डब्यातून समजावतात.

मी चौथी शिकलेली. अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाकडे राहते. माणसांशी बोलायचं म्हटलं की मी आत निघून जाते. पण काका पुस्तकातली हिंदी बोलतात, त्यामुळे समजत नाही म्हणायची सोय नाही.

"बहनजी, राई रूसी, जीरा अंग्रेजी, हल्दी हिंदी. अब रूसी बंद!" म्हणत ते मोहरीची वाटी उचलून ओट्यावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती परत डब्यात. रशियन पुन्हा सुरू झाली म्हणे. नक्की काय कधी बंद झालं, ते अजून माझ्या डोक्यात बसलेलं नाही. परवा मुलानं विचारलं, "आई, आमटीत मोहरी नाही?" मी म्हणाले, "सध्या बंद आहे."

शेवटी काका लिहिलेलं पान वाचतात आणि म्हणतात, "अशुद्धि बताइए." मी "अच्छा है" म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. चांगलं म्हटल्यावर माणूस खट्टू का होतो, हेच कळेना.

सोमवारी हळदीचं, म्हणजे हिंदीचं पान आलं. रशियनला मुलं येईनात, तेव्हा विभागानं रशियन शिकवणाऱ्या काकांना हिंदी शिकायला बसवलं, तेही त्यांच्याच बायकोच्या वर्गात. "बहुत डाँटती थी. प्रतिदिन लाल पेंसिल!" सांगताना काका लाजले. काकू जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची मुलगी इंग्रजीतच बोलते. त्यांची हिंदी ऐकणारी इथे मी एकटी.

पानावर विभागातल्या शिपायाचंसुद्धा नाव होतं. हिंदीपुढे नुसतं, 'एक अध्यापिका'.

"अशुद्धि बताइए."

मी 'एक अध्यापिका'वर बोट ठेवलं. "गलत है," मी म्हटलं. "उनका नाम लिखो."

"इतिहास में घर के लोग?"

"गलत मतलब गलत!"

काकांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. नाव लिहिलं, मोठ्यानं वाचलं. मला ते धड म्हणताही येईना. मग वही माझ्यापुढे सरकवून ते वर्गातल्या मुलासारखे ताठ बसले.

"बहनजी," ते म्हणाले, "एक बार फिर डाँटिए."