छपरं काढणारे डॉक्टर

दवाखाना कायमचा बंद करून दातांचे डॉक्टर घरी बसले आणि बायकोच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना शिस्त लावू लागले, तेव्हा लेकीनंच त्यांना कामाला जुंपलं. ती एका मदतपथकात परिचारिका होती. भूकंपानं मोडलेल्या डोंगराळ मुलखात पथक पोचलं होतं, पण वरच्या वस्त्यांचा नकाशाच कुणाकडे नव्हता. घरं कुठं, औषधांची गाडी कुठवर जाईल, काही कळेना. म्हणून देशोदेशीची हौशी माणसं घरबसल्या, आकाशातून घेतलेल्या फोटोंवरून नकाशा तयार करत होती. लेकीनं फोनवरून बाबांना शिकवलं. छप्पर दिसलं की त्याच्या कडेनं रेघ काढायची, वाट दिसली की तीही काढायची. चुकलंमाकलं तर वरचे जाणकार दुरुस्त करतात.

डॉक्टर त्यात असे रमले, की डब्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फक्त छपरं बारीक आणि चष्मा जुना. म्हणून ते गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे गेले. या गृहस्थानं दुकानापुढं पत्रा ओढून रस्त्याचा मोठा घास घेतला होता, आणि उरलेल्या रस्त्यात समोरचा गादीवाला कापसाचे गठ्ठे रचून ठेवायचा. डोळे तपासता तपासता चष्मेवाल्यानं विचारलं, "सध्या काय चाललंय, डॉक्टर?"

डॉक्टर मुळात मितभाषी. समोरच्याचं तोंड उघडं असतानाच बोलायचं आणि उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, अशी त्यांना जन्माची सवय. ते म्हणाले, "आयुष्यभर दात काढले. आता छपरं काढतो."

चष्मेवाल्याच्या हातातली काच थबकली. "कुणाची?"

"दिसेल त्याची. आधी वरून फोटो घेतात, मग मी एकेक काढत जातो. कालच एक अख्खी वस्ती संपवली."

"आणि रस्ते?"

"ते तर बघावेच लागतात. गाडी आत शिरायला नको?"

"म्हणजे सगळं तुमच्याच हातात?"

"छे हो. मी नुसता काढणारा. शेवटचा शब्द वरच्यांचा."

नवा चष्मा संध्याकाळी चष्मेवाला स्वतःच घरी घेऊन आला. टेबलावरच्या पडद्यावर छपरांभोवती लाल रेघा बघून तो चपापला. आपल्या गल्लीवर अशी वेळ येईल का, असं त्यानं चाचरत विचारलं. डॉक्टरांना वाटलं, हा भूकंपाला घाबरलाय. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून मायेनं सांगितलं, "संकट काही सांगून येत नाही. आपण तयारीत असलेलं बरं."

झालं. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यानं पत्रा उतरवला. त्याच्याकडून कारण ऐकून गादीवाल्यानं गठ्ठे आतल्या खोलीत कोंबले आणि स्वतः गठ्ठ्यांवर बसून गाद्या शिवू लागला. मग कुणी ओटा तोडला, कुणी मोडकी मोटार हलवली. गल्ली एवढी रुंद होती, हे तिथं जन्मलेल्यांनाही पहिल्यांदाच कळलं. नळवाल्यानं तर बोलावलं नसताना येऊन डॉक्टरांचा गळका नळ दुरुस्त केला. येताजाता लोक वाकून नमस्कार करू लागले.

डॉक्टर भारावले. दूरच्या, परक्या माणसांच्या दुःखाची शेजाऱ्यांना एवढी कदर असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"अहो, हे लोक सख्ख्या भावाला वाट देत नाहीत," बायको म्हणाली. "कुठंतरी पाणी मुरतंय."

पाणी कुठं मुरतंय ते शोधायला तिला सवड मिळाली नाही. त्याच आठवड्यात भर दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि ती घामानं भिजून खुर्चीत कोसळली. डॉक्टरांची हाक ऐकून गादीवाला धावत आला आणि फोनही त्यानंच लावला. रुग्णवाहिका आली ती थेट दारात. स्ट्रेचर उचलता उचलता चालक म्हणाला, "मागं एकदा या गल्लीच्या तोंडाशीच अडकलो होतो. माणूस खांद्यावरून न्यावा लागला." इस्पितळात सांगितलं, की थोडा जरी उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं.

बायकोचा धोका टळल्यावर डॉक्टर गल्लीत परतले. चष्मेवाल्याच्या दुकानापुढं सगळे जमले होते. डॉक्टरांनी हात जोडले. ते म्हणाले, "तुम्ही वाट मोकळी केलीत म्हणून ती आहे."

चष्मेवाला अवघडला. त्यानं हळूच विचारलं, "मग आमच्यावरची लाल रेघ तेवढी पुसाल ना?"

डॉक्टरांना काही उमगेना. एकेक प्रश्न विचारता विचारता सगळा उलगडा झाला. काढणं म्हणजे पाडणं नव्हे, रेखणं. छपरं इथली नव्हेत, दूरच्या डोंगराळ मुलखातली. चष्मेवाला भिंतीला टेकवलेल्या पत्र्याकडे बघत राहिला. मग गादीवाला खो खो हसत सुटला आणि म्हणाला, "वहिनी घरी येईपर्यंत तरी कुणी काही हलवायचं नाही."

संध्याकाळी चष्मेवाला डॉक्टरांकडे आला, शेजारी खुर्ची ओढून बसला आणि ती रेघ कशी काढतात ते दाखवा म्हणाला. पुढं तो रोजच येऊ लागला.

वहिनी घरी आल्या त्याही दारापर्यंत गाडीतूनच. खाली उतरून त्यांनी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे भरून पाहिली. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "केवढी जागा आहे हो. दाराच्या दोन्ही बाजूंना चार-चार कुंड्या ठेवूया का?"

डॉक्टर तोंड उघडणार, एवढ्यात गादीवाला हातातली सुई खाली ठेवून उंबऱ्यावर आला.

"वहिनी," तो अदबीनं म्हणाला, "रस्त्यात काही ठेवायचं नाही."