शून्य मीटरवरची मदत

विमा कंपनीच्या दावे छाननी विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी मोकळ्या हवेत जाण्याचा सल्ला दिला. सल्ला लेखी होता, म्हणून त्यांनी तो मानला.

ऑफिसात सगळे त्यांना तळटीपराव म्हणत. कुठल्याही कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला मजकूर ते सगळ्यात आधी वाचत, आणि बहुतेकांचे दावे तिथेच आडवे होत. एका बाईंचं घर पुरात वाहून गेलं, तेव्हा 'तपासणीसाठी घर जागेवर आढळले नाही' असा शेरा मारून प्रकरण परत पाठवणारे हेच. त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. नियम नीट वाचले तर माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती.

शहरापासून बसने तासाभरावर एक टेकडी होती. पूर्वी लोक पायथ्याशी जात आणि वर चढत. ही पद्धत फारच सोपी असल्याचं लक्षात आल्यावर संबंधित खात्याने ती बंद केली आणि 'सुगम आरोहण' नावाचं अ‍ॅप आणलं. त्यातल्या अर्जात त्रेचाळीस रकाने होते. तळटीपराव सतराव्यापाशी अडले. तिथे 'मागील भेटीचा क्रमांक' भरणं अनिवार्य होतं, आणि मागे ते कधी गेलेच नव्हते. मदतकक्षाला फोन केल्यावर तिकडच्या बाईंनी शून्य टाकायला सांगितलं. अ‍ॅपने शून्य घेतलं नाही. मग बाई म्हणाल्या की एक टाका, सगळे एकच टाकतात. सव्वीस वर्षांत प्रथमच तळटीपरावांनी कागदावर खोटं लिहिलं, आणि तेही शासकीय मार्गदर्शनाखाली.

परवाना लगेच आला. पूर्वी एकदा जाऊन आल्यामुळे त्यांचा प्रवर्ग 'अनुभवी' ठरला होता. अनुभवी व्यक्तीस वाटाड्या मिळत नसे. दक्षिणेकडच्या बांधीव पायऱ्या नवख्यांसाठी राखीव असल्याने अनुभवी व्यक्तीने उत्तरेची वाट घ्यायची होती, आणि अनुभव जमेस धरून वेळ दोन तासांची होती, आठ ते दहा.

बायकोने परवाना वाचून चष्मा काढला. "अहो, तुम्ही आपल्याच जिन्यात मधल्या मजल्यावर बसता. रद्द करा हे."

तळटीपरावांनी तिला समजावलं की परवाना रद्द करण्याची सोय टेकडीच्या पायथ्याशी प्रत्यक्ष हजर झाल्यावरच उघडते. आणि एवढं तिथवर जायचंच तर मग वर जायला काय हरकत आहे. बायकोने त्यांच्या पिशवीत पाण्याची आणखी एक बाटली कोंबली. वजनाबाबतचा नियम दाखवून त्यांनी ती काढून ठेवली.

शनिवारी सकाळी आठला ते पायथ्याच्या चौकीवर पोहोचले. चौकीत एक खुर्ची, संगणकाचा एक पडदा आणि एक पहारेकरी होता. त्याने तळटीपरावांचे नवेकोरे बूट पाहिले, मग पोट पाहिलं आणि हळूच सुचवलं की साहेब, पायऱ्यांनीच जा, आज कुणी नाही. तळटीपरावांनी त्याला परवान्यातलं कलम वाचून दाखवलं. पहारेकऱ्याने मान डोलावली आणि उत्तरेकडचं फाटक उघडलं.

वाटेवर अकरा खांब होते. प्रत्येक खांबापाशी थांबून, खांब आणि चेहरा दोन्ही दिसतील असा, हसऱ्या मुद्रेचा फोटो अ‍ॅपवर चढवायचा होता. चौथ्या खांबापर्यंत ते हसले. पाचव्यापाशी दम इतका लागला होता की अ‍ॅपने त्यांना ओळखलंच नाही. चेहरा अर्जदाराशी जुळत नसल्याचं कळवून दोन पावलं मागे सरकून पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. तळटीपराव सूचनेबरहुकूम दोन पावलं मागे सरकले. मागे एकाच पावलापुरती जमीन होती.

फार खोल नव्हतं, पुरुषभर असेल. पण घोट्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. उभं राहण्याचा प्रयत्न दोनदा फसला. बाटलीत दोन घोट उरले होते. सावली नव्हती. त्यांनी परवान्याची छापील प्रत डोक्यावर धरली. तिचा झालेला तो पहिला उपयोग.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. 'आपण सुखरूप परतला आहात. अभिनंदन!'

दिलेली वेळ संपली की भेटकर्ता परतला असे समजण्यात येईल, हे तळटीपरावांनी तळाशी वाचलं होतं. एकही माणूस हरवू नये यासाठी केलेली ही तरतूद त्यांना त्या वेळी आवडलीही होती. त्यांनी मदतकक्षाला फोन लावला.

"मी वर अडकलोय. पाय मुरगळलाय. उभं राहता येत नाही."

"सर, आमच्या नोंदीनुसार आपण घरी आहात."

"मी घरी नाही हो."

"मग तो विषय आमच्याकडे येत नाही, सर. आमच्याकडे फक्त टेकडीवरच्या व्यक्तींचे विषय येतात."

आवाजात जराही तुसडेपणा नव्हता. तळटीपराव घाबरले ते त्यामुळेच. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पुरातल्या त्या बाईंशी ते स्वतः याच आवाजात बोलले होते. उन्हात बसून त्यांना तिचा दावा क्रमांक आठवला. नाव काही केल्या आठवेना.

मग त्यांनी बायकोला फोन केला. ते परतल्याचा निरोप अ‍ॅपने तिलाही धाडला होता आणि तिने दोघांची ताटं घेतली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "हलू नका, येते मी," एवढंच म्हणाली आणि टॅक्सी करून बाराच्या सुमारास चौकीवर हजर झाली.

पहारेकऱ्याने तिला खुर्ची दिली आणि पडदा दाखवला. पडदा हिरवागार होता. नोंदीनुसार वर कुणीच नव्हतं. बचावपथकाचं बटण टेकडीवर निदान एक माणूस असल्याखेरीज पेटत नसे. तेव्हा वर असलेल्या माणसाला आधी वर पाठवणं भाग होतं. बायकोने तिथेच उभ्या उभ्या नवऱ्याच्या नावाने नवा अर्ज भरला. सतराव्या रकान्यात दोन टाकलं.

दोनदा जाऊन सुखरूप आलेला माणूस 'तज्ज्ञ' ठरला. तज्ज्ञांची नावं बचावपथकात आपोआप दाखल होत, कारण पथकात दुसरं कुणी नव्हतं. बटण पेटलं. पहारेकऱ्याने ते दाबलं. पथकातल्या सर्वांत जवळच्या सदस्याला तातडीचा निरोप गेला.

वर तळटीपरावांचा फोन वाजला. 'आपल्यापासून शून्य मीटरवर एक व्यक्ती अडकली आहे. आपण मदतीस जाल का?' खाली दोन पर्याय होते: 'हो' आणि 'नंतर आठवण करा'. तळटीपरावांनी दोन्ही पर्याय वाचले. मग 'हो' दाबलं.

'व्यक्ती सापडली. बचाव यशस्वी.'

खाली चौकीतलं बटण विझलं. पहारेकरी त्याच्याकडे पाहत राहिला, मग त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो उठला. खिडकीवर त्याने 'चहासाठी बंद' अशी पाटी लावली.

"चला ताई," तो म्हणाला. "चहाला जायला अजून परवाना लागत नाही."

पायऱ्यांनी वर जाऊन, आडव्या वाटेने उत्तरेला उतरून ते अर्ध्या तासात पाचव्या खांबापाशी पोहोचले. तळटीपराव लालबुंद होऊन बसले होते. दोघांनी त्यांना खांद्यांवर घेतलं. पायऱ्या दिसताच ते म्हणू लागले, अगं, ही वाट आपल्या प्रवर्गाला... बायकोने नुसतं पाहिलं. वाक्य तिथेच राहिलं. उतरताना मधल्या एका पायरीवर पहारेकऱ्याने त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं, आणि तळटीपरावांचे डोळे भरून आले.

पायाला तीन आठवडे प्लास्टर होतं. तेवढ्या काळात त्यांनी पाच पानी तक्रार लिहून पाठवली. खात्याने ती रीतसर दाखल करून घेतली आणि खुलाशासाठी संबंधित बचावकर्त्याकडे, म्हणजे त्यांच्याचकडे, पाठवली. पाठोपाठ दुसरं पत्र आलं. अडकलेल्या व्यक्तीपर्यंत अवघ्या चार सेकंदांत पोहोचण्याचा विक्रम केल्याबद्दल खाते त्यांचा सत्कार करणार होतं.

"जातो," तळटीपराव बायकोला म्हणाले. "सगळ्यांसमोर खरं काय ते सांगतो."

सभागृह भरलं होतं. मानपत्राचं वाचन होण्याआधी अधिकाऱ्यांनी शिस्तीवर दोन शब्द सांगितले: या विक्रमाच्या दिवशीच चौकी दोन तास बंद ठेवून चहाला गेलेल्या एका पहारेकऱ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला आहे. पहारेकरी शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने मान खाली घातली. मग टाळ्यांच्या गजरात तळटीपरावांना ध्वनिक्षेपकापाशी नेण्यात आलं. खरं काय ते लिहिलेला कागद खिशात होता. समोर तीनशे माणसं टाळ्या वाजवत होती, आणि सव्वीस वर्षांत त्यांच्यासाठी कुणी एकदाही टाळी वाजवली नव्हती.

"व्यवस्था उत्तम आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले.

शेवटच्या रांगेतून पहारेकऱ्यानेही टाळ्या वाजवल्या. बायकोने वाजवल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. तिथे त्या गडबडीत काय बोलणार, असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

"त्याचं नाव तरी विचारलं का तुम्ही?" ती म्हणाली.

तळटीपरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. 'सुगम आरोहण'ला त्यांचं मत हवं होतं. पडद्यावर पाच रिकामे तारे होते आणि ते भरल्याखेरीज पडदा हटत नव्हता. त्यांनी न वाचता पाचवा तारा दाबला आणि फोन खिशात टाकला.

त्या वाटेला आजवर नऊ हजार जणांनी पाच तारे दिले आहेत. त्यातले किती जण पायऱ्यांनी, कुणाच्या तरी खांद्यावरून खाली आले, याची नोंद नाही. तळटीपरावांना नावं ठेवायला हरकत नाही, पण तुम्ही शेवटचे पाच तारे कुणाला दिलेत आणि ते देताना नेमकी कसली घाई होती, तेवढं एकदा आठवून पाहा.