हवेले इज्जत देनारा प्रल्हादभाऊ

शेलूबाजारात माह्यासारखा वेल्डर दुसरा नाई. दुसरा होता, तो चांगला होता, म्हनून वाशीमले गेला.

मी इथंच आहो. अन माह्या टपरीसमोर प्रल्हादभाऊ आपली जीप उभी करते. शेलूबाजार ते मंगरूळ, सिटा भरल्या का निघाचं. पन सिटा भरल्यावर बी हा मानूस निघत नाई. पयले खाली उतरते, खिशातून मूठभर सोयाबीनचं कुटार काढते अन बोनेटसमोर उडवते. भुसा कुठून जाते ते वाकून पाह्यते. आत तेरा मानसं, दोन कोंबड्या, अन माहेराले निघालेली एक बाई.

"अहो, निघा ना आता!"

"थांबा बाप्पा, हवा पाहून राह्यलो. हवेले इज्जत द्या थोडी."

हे त्याले मोबाईलवरून लागलं. दिवसभर शर्यतीच्या गाड्या पाह्यते. नाक जमिनीले टेकलेलं, मागं ढुंगनावर मोठ्ठी फळी. मी इचारलं, "भाऊ, हे फळी कायले? कपडे वाळू घालाले?"

तवा त्यानं मले बसवून शिकवलं. मी दुसरी शिकलेला मानूस, अन दुसरीतच दोनदा बसलेला.

"बंडीत मागं जास्त भरलं का काय होते?"

"उलार होते. जू वर जाते, बैलाच्या मानेले फास लागते."

"हा! तसंच हवा करते. गाडी जोरात पयाली का हवा नाकाखाली शिरते अन पुढचा भाग उचलते. मंग ष्टेरिंग फिरवत बस, चाकं ऐकतच नाई. म्हनून नाक खाली ठेवाचं, अन वरून हवेलेच दाबाले लावाचं. स्पीड दुप्पट, दाब चौपट."

"तुही जीप साठच्या वर जाते का?"

"जाते."

"मंग?"

"मंग दरवाजा निघते."

सोयाबीन निघालं तवा त्यानं कोनाचा तरी उफनाचा पंखा मागून आनला. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एवढीशी जीप मी करून देल्ली. पंख्यासमोर जीप ठेवाची, वरून कुटार सोडाचं, अन हवा गाडीवरून कशी जाते ते पाह्याचं. मले म्हने, "तू समोर उभा राय, कुटार कुठून जाते ते सांग." ते मले लय चांगलं समजलं. तोंडात गेलं, नाकात गेलं, कानातून दोन दिवस निघत होतं. घरी गेलो तं म्हैस मले पाहून उठून उभी राह्यली. लग्नापासून एवढ्या आशेनं घरात कोनी पाह्यलं नोतं.

मंग एका शनवारी भाऊ कागद घेऊन आला. त्या शर्यतीच्या गाडीमागच्या फळीसारख्या पंखाचं चित्र काढलेलं. "फुगीर बाजू खाली. ध्यानात ठेव. उद्या प्रनाली येऊन राह्यली, तिच्या आगुदर टपावर बसला पायजे."

प्रनाली त्याची पोरगी. अमरावतीले इंजिनेरिंग शिकते.

"पोरीले पंखाचं काय करनं हाय?" मी म्हनलो.

भाऊ पत्र्यावर बोट फिरवत राह्यला. मंग म्हने, "फोनवर आमचं काय बोलनं होये? जेवली का? हो. ठेवू? ठेव. एक दिवस इचारलं, कालेजात काय करतं तू? तं म्हने, बाबा, आमी शर्यतीची गाडी बनवून राह्यलो, त्यात डाऊनफोर्स असते, तुमाले नाई समजनार. त्या दिवसापासून मी पाहून राह्यलो सारं. आता दहा मिनिट बोलते. पोरगीच मले इचारते कधीकधी. पन माह्याजवळचं बोलाचं संपत आलं, गड्या."

मी वाद न घालता कागद घेतला अन पत्रा कापाले बसलो. माह्या जन्मात हे पयल्यांदा झालं.

रविवारी सकाळी भाऊ स्टँडवर पोरीले आनाले गेला अन मी पंख जोडाले बसलो. कागदावर फुगीर बाजू खाली. मी मनात म्हनलो, घाईत भाऊची चूक झाली. आभाळातल्या इमानाच्या पंखाची फुगीर बाजू वर रायते, ते काय उलटं उडते का? मी फुगीर बाजू वर केली अन असा पक्का जोडला का आता जीप भंगारात जाईन, पंख जानार नाई.

बापलेक आले. सिटा भरलेल्याच होत्या. पोरीनं बॅग खाली ठेवली, पंखाकडं पाह्यलं अन हासत सुटली.

"बाबा! हा तं गाडी उचलते!"

भाऊनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलो, "इमानाले असाच असते."

"इमान उडवाचं असते, काका."

भाऊचं तोंड उतरलं. मले वाटलं, गेलं, आता पुन्हा जेवली का, ठेवू का. पन पोरीनं बापाच्या शर्टाच्या खिशात हात घातला, कुटार काढलं अन पंखावर उडवलं. "पाह्या, इथं हवा कशी वर चढून राह्यली. अन बाबा, उलटा करून बी नुसता मागं लावला तं मागून दाबन, पुढून आनखी—"

"उलार!" भाऊ वरडला.

"उलारच! पुढं बंपरखाली पट्टी लावा लागन."

"मी म्हनतच होतो!"

मंग काय. माह्या शटरवर खडूनं चित्रं निघाली. तेरा मानसं उतरून दुसऱ्या जीपमंधी गेली, भाऊले पत्ता नाई. घंटा झाला, दीड झाला. भाऊच्या घरच्या रुखमावैनी दोघायले जेवाले बोलवाले आल्या अन पाहतच राह्यल्या. मी जीपसमोर कमरेवर हात ठेवून उभा होतो. म्हनलो, "पाह्यलं का वैनी? म्या पंख कागदावरल्यासारखा बरोबर बसवला असता तं हे एवढं बोलले असते का?"

वैनी म्हने, "भाऊजी, त्यायची हवा अडवून राह्यले तुमी. सरका बाजूले."