डीफेनेस्ट्रेशनचं प्रात्यक्षिक

इंग्रजीतला कुठलाही अवघड शब्द माझ्यापुढे टाका, मी त्याची सात पिढ्यांची कुळकथा सांगतो! बढाई नाही, खरंच. ऑफिसच्या फळ्यावर रोज सकाळी एक अनोळखी शब्द लिहायची प्रथा मीच पाडली. नेमके त्याच वेळी सगळे चहाला का निघून जातात, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

तर नव्या प्रशिक्षण विभागाचा प्रमुख मीच होणार, याची मला खात्री होती. जीव टांगणीला लागला होता हो माझा त्या खुर्चीपायी! आणि रविवारी संध्याकाळी साहेब स्वतः घरी आले. बढती देण्याआधी माणूस घरात कसा वागतो ते बघायची त्यांची पद्धतच होती.

"फळ्यावरच्या शब्दांचा विषय काढायचा नाही," बायकोने आधीच दम भरला होता. "चहा, बिस्किटं आणि हवापाण्याच्या गप्पा. बस!"

मी अगदी शहाण्यासारखा बसलो. चहाच्या वाफेने साहेबांचा चष्मा धुरकटला. तो काढून त्यांनी शेजारच्या उशीवर ठेवला आणि म्हणाले, "अहो, परवा फळ्यावर काय लिहिलं होतंत? डीफेनेस्ट्रेशन! काय भानगड आहे ती?"

बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. पण खुद्द साहेबांनीच विचारलं म्हटल्यावर मी कसला ऐकतोय!

"साहेब, लॅटिनमध्ये फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी. डी म्हणजे तिच्यातून बाहेर, खाली. एखाद्याला खिडकीबाहेर फेकून देणं, त्याला हा शब्द! चारशे वर्षांपूर्वी युरोपात चिडलेल्या लोकांनी राजाचे दोन अधिकारी आणि त्यांचा कारकून असे तिघे किल्ल्याच्या खिडकीतून भिरकावले. तेव्हापासून शब्द गाजला!"

"मेले?"

"छे! तिघेही वाचले. कुणी म्हणतं देवदूतांनी झेललं, कुणी म्हणतं उकिरड्यावर पडले."

"बिचारा कारकून!" साहेब म्हणाले. "पण एवढ्याशा गोष्टीला वेगळा शब्द कशाला हो?"

"एवढीशी? अहो, त्यात एक झोक आहे साहेब! हे असं उचलायचं..." मी तावातावाने उशी उचलली, "आणि हे असं!"

उशी गेली खिडकीबाहेर. उशीवरचा चष्माही गेला.

"माझा चष्मा कुठाय?" साहेब सोफा चाचपडायला लागले.

मी खाली डोकावलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छज्ज्यावर उशी पडली होती आणि तिच्यावर चष्मा, धडधाकट! "आत्ता आणतो!" म्हणत मी धूम ठोकली. काकूंना बेल वाजवून सगळं सांगायचं म्हणजे उरलीसुरली अब्रूही जाणार. म्हणून जिन्याच्या खिडकीतून परस्पर छज्ज्यावर उतरलो. चष्मा खिशात टाकला, उशी बगलेत मारली, तोच काकूंनी पडदा सारला.

"चोर! चोऽऽर! उशी घेऊन पळतोय!"

"काकू, अहो मी! वरचा!"

"वरून उतरलाय मेला! धरा त्याला!"

हे ऐकून साहेब आमच्या खिडकीशी धावले. चष्म्याशिवाय त्यांच्या लेखी मी म्हणजे एक हलणारा डाग. "थांबा बाई, मी बघतो त्याच्याकडे!" ते गरजले, आणि आमची दुसरी उशी थेट माझ्या टाळक्यात! मागोमाग बिस्किटांची ताटली. "साहेब, मी आहे, मी!" असं मी बोंबलतोय, तर वरून कपभर चहा! "अहो, ते आमचेच आहेत!" असं बायको ओरडेपर्यंत किटलीही येऊन गेली.

केसांत बिस्किटांचा चुरा, शर्टभर चहा, असा मी वर आलो. मान खाली घालून चष्मा साहेबांच्या हातात दिला. गेली खुर्ची! मला अक्षरशः रडू येत होतं. साहेबांनी चष्मा चढवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकदम खो खो हसत सुटले.

"डीफेनेस्ट्रेशन!" डोळे पुसत ते म्हणाले. "जन्मात विसरणार नाही! आणि फेकताना काय मजा येते हो! असं शिकवणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार? प्रशिक्षण विभाग तुमचा. उद्यापासून बसा."

मी बायकोकडे असं पाहिलं की विचारू नका!

"फक्त," चपला घालताना साहेब म्हणाले, "ऑफिसातली तुमची खोली बदलतोय. तळघरातली सामानाची खोली रिकामी करून देतो."

"तळघरातली का, साहेब?"

"तिला खिडकी नाही."

तिथूनच लिहितोय हे. उकडतंय फार!