सातव्या प्रकरणासाठी एक अपयश

अपयशाशिवाय आलेल्या यशावर जगाचा विश्वास बसत नाही. ही गोष्ट गरीब माणसाला लहानपणीच कळते (त्याच्या घरी पुरावा भरपूर असतो), उद्योजकाला मात्र ती वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, स्वतःचं पुस्तक छापायला जायच्या बेतात असताना कळली.

पुस्तकाचं नाव होतं 'मी, माझा उद्योग आणि थोडंसं जग'. उद्योग, राजकारण आणि जीवन या तिन्ही विषयांवर उद्योजकाचं स्वतंत्र चिंतन होतं आणि ते त्याला बहुतकरून गाडीच्या मागच्या सीटवर सुचे. उद्योगाबद्दल त्याचं ठाम मत असं, की माणसानं शून्यातून सुरुवात करावी. (त्याची स्वतःची सुरुवात वडिलांच्या दोन कारखान्यांपासून झाली, घरात होतं तेवढं शून्य वडिलांनी आधीच वापरून टाकलं होतं.) राजकारणापासून उद्योजकानं चार हात लांब राहावं, असंही त्यानं लिहवून घेतलं होतं. खात्याचे मंत्री त्याचे बालमित्र असून जेवायला आले की टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत, म्हणजे अंतर साधारण तेवढंच भरे. जीवनाबद्दल त्याचं मत असं, की ते सुंदर आहे.

हे चिंतन कागदावर उतरवायला एक निवृत्त मास्तर ठेवले होते. जन्मभर निबंध तपासल्यामुळे त्यांना आता काहीही वाचून धक्का बसत नसे. पण सातव्या प्रकरणापाशी येऊन मास्तरांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, की साहेब, इथे तुम्ही पडायला हवं. सहा प्रकरणं तुम्ही नुसते चढताय. वाचकाला दम लागतो.

उद्योजकाला ते पटलं. त्यानं दोन दिवस फोन बंद ठेवून स्वतःच्या आयुष्यात अपयश शोधलं. शाळेत तो नापास व्हायला हवा होता, पण शाळेचे बाक वडिलांनी दिले होते. बॅडमिंटनमध्ये तो एकदा हरला होता खरा. परंतु समोरचा माणूस कंपनीत नवीन होता आणि पुढे फार दिवस टिकला नाही. तेव्हा अपयश हे सापडत नसून ते परिश्रमपूर्वक निर्माण करावं लागतं, असा निष्कर्ष निघाला, आणि त्यासाठी कंपनीत रीतसर 'अपयश समिती' नेमण्यात आली. समितीच्या पहिल्या बैठकीला सर्व सदस्य वेळेवर हजर होते. हा अपशकुन त्याच वेळी ओळखायला हवा होता.

समितीनं मागचा एक पाय आखूड असलेली खुर्ची बाजारात आणली. ती कुणीही विकत घेणार नाही, अशी लेखी हमी होती. त्याच आठवड्यात मंत्री जेवायला आले, खुर्चीवर बसले, डुगडुगले आणि विचारात पडले. महिन्याभरात सगळ्या सरकारी शाळांची मागणी आली. विद्यार्थ्यांना कोवळ्या वयात तोल सांभाळायची सवय लागावी, असं आदेशात म्हटलं होतं. मग समितीनं झाकण न उघडणारी पाण्याची बाटली काढली. ती सर्व कार्यालयांना सक्तीची झाली आणि पाण्याचा अपव्यय टाळल्याबद्दल उद्योजकाला ढाल मिळाली. ढाल घेताना तो अक्षरशः रडकुंडीला आला होता. लोकांना वाटलं, केवढा साधा माणूस.

अशा वेळी त्याला थोरली बहीण आठवली.

वडिलांच्या दोन कारखान्यांपैकी कुलपांचा तो पाहत असे आणि बिजागऱ्यांचा ताई पाहत असे. कागदावर दोन्ही मुलाच्या नावे होते. मुलीला वडिलांनी काम दिलं होतं. रोज सकाळी यंत्रातून निघालेली पहिली बिजागरी ताई कानाशी धरून उघडमीट करायची आणि बारीकसं जरी कुरकुरलं तरी यंत्र थांबवायची. मंत्र्यांना तिनं कधी जेवायला बोलावलं नव्हतं. परिणामी तिच्या बिजागऱ्या फक्त ज्यांना बिजागऱ्या हव्या असत तेच घेत. समितीनं एकमतानं अभिप्राय दिला, की वाचवायला कुणीही धावून येणार नाही असा समूहातला हा एकमेव कारखाना आहे.

उद्योजक स्वतः जाऊन तिला भेटला. (मोठ्या निर्णयात माणुसकी हवी, पृष्ठ १३४.) मास्तर टिपणं घ्यायला सोबत होते. ताईच्या टेबलाशेजारी यंत्र चालू होतं, त्यामुळे त्याला बातमी जरा ओरडूनच सांगावी लागली.

"तोटा आहे का?" ताईनं विचारलं.

"नाही ना. म्हणूनच तर मला बंद करावा लागतोय."

ताईनं यंत्र थांबवायची खूण केली. बावन्न माणसं होती, त्यांतली निम्मी तिनं हाताला धरून शिकवलेली. ती खाली मान घालून आपापल्या जागी उभी राहिली. या माणसांनी उद्यापासून करायचं काय, असं ताईनं विचारलं. उद्योजकानं प्रेमानं सांगितलं, की अर्पणपत्रिका त्यांनाच आहे.

"म्हणजे पडणार आम्ही," ताई म्हणाली, "आणि लागलं म्हणून सांगत फिरणार तू."

तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातली बिजागरी तिनं इतकी घट्ट धरली होती की तळहातावर भोकांचे वळ उठले. उद्योजकाला ते वाक्य फार आवडलं. मास्तरांनी ते उतरवून घेतलं, थोडं घासूनपुसून सातव्या प्रकरणाच्या शेवटी घातलं: 'मी पडलो, मला लागलं, म्हणूनच मी सांगू शकतो.'

प्रकाशन समारंभ थाटात झाला. ताई पहिल्या रांगेत बसली होती, कारण कामगारांच्या अनुभवाच्या दाखल्यांवर साहेबांची सही समारंभानंतर मिळेल, असं तिला कळवलं होतं. दाखल्यावाचून त्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. उद्योजकानं सातवं प्रकरण वाचलं, मध्येच गहिवरला, पाणी प्याला (बाटली दुसऱ्या कंपनीची होती). नंतर तीनशे प्रतींवर सह्या करून त्याचा हात इतका दुखला, की दाखले राहूनच गेले.

तुम्ही होतातच की तिथे. तिसऱ्या रांगेतून उठून तुम्ही विचारलंत, "सर, इतकं मोठं अपयश पचवायची ताकद कुठून आणता?" फार टाळ्या पडल्या. तुम्ही दोन प्रती घेतल्यात. एक तुमची, तिच्यात ते वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित आहे. दुसरी मेव्हण्याला दिलीत. तोच, बिजागऱ्यांच्या कारखान्यातला, बंद पडल्यापासून घरी बसलेला. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंत, 'सातवं प्रकरण जरूर वाच.'

त्यानं अजून पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही, अशी तुमची तक्रार आहे. माणसाला शिकायचंच नसेल तर आपण तरी काय करणार, असं परवा तुम्ही बायकोला म्हणालात. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दार जरासुद्धा कुरकुरलं नाही.